दुपारची लिफ्ट

"फ्यूज मी काढला न्हाई," सर्जेराव बसायच्या आधीच म्हणाले. "लिफ्टचा खर्च देत न्हाई, ते खरं हाय. तळमजल्यावर ऱ्हातो, मग द्यायचा कशाला?"

बुधवार पेठेतल्या ऑफिसात खासगी तपासनीस मैत्री गायकवाड यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

धायरीतल्या सोसायटीत दिवाळीआधीपासून हा प्रकार चालू होता. बहुतेक दिवशी सकाळी लिफ्टचा फ्यूज गायब, संध्याकाळी पुन्हा जागेवर. दिवाळीतही तेच. गेल्या शुक्रवारी मात्र लिफ्ट दिवसभर चालली. फ्यूजची पेटी गच्चीवर. गच्चीच्या किल्ल्या दोनच: एक टाकी बघणाऱ्या सर्जेरावांकडे, दुसरी चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या घरी.

"आज संध्याकाळी सभा हाय. माझं पाणी तोडणार. सून बाळंतीण हाय घरात."

सेक्रेटरी नागोराव त्यांच्या सरकारी कचेरीत भेटले. "चार जिने चढून बघा, मग सर्जेरावांची बाजू घ्या. माझी मुलगी उत्कर्षा कॉल सेंटरला. रात्रभर काम करून येते. दिवाळीला सुट्टी नाही. गेल्या गुरुवारी रात्री मिळाली, कारण सुट्टी अमेरिकेला होती!"

चार जिने चढताना मैत्रीचे सहकारी समाधान दोनदा थांबले. "सर्जेरावच असणार. राग आहे, किल्ली आहे."

लिफ्टला लागूनच नागोरावांचं दार. वर पाटी: 'बेल वाजवू नये. कडीही. आम्हाला तुम्ही दिसता.' त्यांच्या पत्नी इंदुबाईंनी लगेच दार उघडलं. गॅसवर पातेल्यात वरण रटरटत होतं. कुकर फळीवर पालथा.

"गॅस फार जात असेल ना, काकू?" समाधाननी विचारलं.

"जाऊ दे," इंदुबाई कुजबुजल्या. "ती लिफ्ट मेली दार उघडं राहिलं की गाणं म्हणते. बंद आहे तेच बरं."

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. नागोराव ठराव वाचणार, तोच मैत्री उठल्या.

"आधी एक सांगा. दिवाळीत लिफ्ट बंद आणि अमेरिकेच्या सुट्टीनंतर चालू, हे वेळापत्रक या इमारतीत कोणाचं? दिवसा झोपणाऱ्या उत्कर्षाचं. पण ती झोपलेली, तुम्ही कचेरीत. बेल बंद, कुकरची शिट्टी बंद. मग दारालगतचं लिफ्टचं गाणं कोण बंद करणार? दुसरी किल्ली तुमच्याच घरी आहे."

समाधाननी डोक्याला हात लावला.

इंदुबाई उभ्या राहिल्या. "मीच काढते. पोरगी रात्रभर परक्यांशी बोलते, दिवसा तरी झोपू दे. पण सर्जेरावांवर आळ येईल असं वाटलं नव्हतं हो."

कंपनीच्या गाडीसाठी खाली उतरलेली उत्कर्षा जिन्यात थबकली. "आई, अगं मी कानात बोळे घालून झोपते! मला काहीच ऐकू येत नाही."

सगळे हसले. नागोरावांनी ठरावाचा कागद फाडला. "सर्जेराव, माफ करा."

"ऱ्हाऊ द्या. बाळाला सकाळच्या उन्हात गच्चीवर न्यायचं हाय. लिफ्टचा खर्च लावा मलाबी." सर्जेराव खुर्चीवरून उठले. "पण ते गाणं तेवढं काढा. बाळ लई सावध झोपतं."