आईची सीट

उद्या दुपारी बाराच्या आत तिला पठारावरच्या मनोऱ्यापाशी पोहोचायचं होतं. मनोऱ्यावरचं यंत्र दर तासाला वारा मोजून ठेवी. त्यात चारशे दिवस मावत, मग सर्वांत जुना दिवस पुसून त्या जागी नवा लिहिला जाई. सव्वीस वर्षं आई मोटारसायकलनं जाऊन त्यातल्या नोंदी उतरवून आणत होती. एकही दिवस गाळला नव्हता. शेवटच्या खेपेनंतर महिन्याभरात आई गेली. मग वर्षभर लेकीच्यानं ती गाडी शेडबाहेर काढवली नाही. काढली तेव्हा हाताशी दोनच दिवस उरले होते. आईच्या कार्यालयाला त्या मनोऱ्याची आठवणही नव्हती. ती गेली नाही तर कोणीच जाणार नव्हतं.

निघण्याआधी ती सीटवाल्या काकांकडे गेली होती. काकांनी तिला बारीक वाळूच्या परातीत बसवलं, उठवलं आणि बसण्याच्या दोन हाडांनी पडलेल्या खळग्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं. साडेतेरा सेंटिमीटर. मग सीट दाबून पाहिली. मधोमध उंचवटा, दोन्ही बाजू उतरत्या. हाडांना टेकू नाही, सगळा भार मधल्या नाजूक भागावर. चौथ्या तासाला पाय बधिर होतील, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

"दोन तास दे, पोरी. कापून नीट करतो."

"नको, काका. आईची सीट आहे ती."

"हे तुझ्या बुडाला कोण समजावणार?"

ती हसली, पण सीटला सुरी लावू दिली नाही. इतक्या वर्षांत तो फोम आईच्याच आकाराचा झाला असणार, असं तिनं धरलं होतं. आईचा तेवढाच आकार मागं उरला होता.

शेवटच्या पंपावर, सकाळीच, पंपवालीनं टाकी आणि मागचे दोन्ही कॅन काठोकाठ भरले. पुढे चारशे किलोमीटर माणूस नाही, असं बजावलं आणि बरोबर कोण आहे ते विचारलं. कोणी नाही हे ऐकून पंपवालीनं कॅनचे पट्टे पुन्हा एकदा ओढून पाहिले.

"मग बोलत राहा, ताई. स्वतःशीच. मी इथं तेच करते."

पठार सुरू झालं. तांबूस दगडांचा तो विस्तार इतका सपाट होता, की तासभर गाडी चालवूनही समोरची टेकडी तसूभर जवळ आल्यासारखी वाटत नव्हती, आणि मागं वळून पाहिलं तर आपणच उडवलेली धूळ तेवढी सोबतीला दिसत होती. दर वीस मिनिटांनी ती गाडीच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर उभी राही, रक्त खाली उतरू देई. किलोमीटरचे आकडे मोठ्यानं म्हणे. दुपारपर्यंत आकड्यांखेरीज बोलायला काही उरलं नाही.

चौथ्या तासाला जांघेत आग झाली. मग ठणका. मग काहीच नाही. दुखणं थांबलं म्हणून आधी तिला बरं वाटलं आणि मग काकांचं म्हणणं आठवलं.

एक कोरडा ओहोळ आला. तिनं वेग कमी केला. उजवा पाय टेकवला. पाय जागेवर होता, पण तिला तो कळतच नव्हता! गुडघा मुडपला. गाडी कलली. आडवी! ती कशीबशी बाजूला फेकली गेली. एक कॅन चिरला आणि त्यातलं निम्मं पेट्रोल दगडांनी पिऊन टाकलं. सीटला पाठ लावून, टाचा रोवून, तिसऱ्या खेपेला तिनं ते धूड उभं केलं.

दहा किलोमीटरवर पुन्हा तेच! या वेळी चाक घळीच्या काठापासून हातभर अंतरावर थांबलं. खाली दोन माणसांच्या उंचीइतक्या खोलीवर दगड होते.

ती तिथंच बसून राहिली. मागं अडीचशे किलोमीटर, पुढे दीडशे. असल्या पायांनी दोन्ही अशक्य. आणखी एकदा पडली तर ब्रेक तुटेल, नाहीतर हाड. आणि तिला शोधायला कोणी निघणार नव्हतं.

ऊन कलत होतं. तिनं सीट उतरवली, स्क्रूड्रायव्हरनं पिना उचकटल्या, कव्हर सोललं. फोम पिवळा पडला होता. साडेतेरा सेंटिमीटरवर पेननं दोन खुणा केल्या. सुरी टेकवली. हात हलेना.

"आई, कापते हं," ती म्हणाली. वारा तेवढा होता ऐकायला.

तिनं उंचवटा छाटला, निघालेले तुकडे उतरत्या बाजूंना टेपनं बांधले, कव्हर पुन्हा ओढलं. सीट ओबडधोबड झाली. त्या सीटवर आता आई कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली. ओहोळ, घळी, सैल दगड! प्रत्येक वेळी पाय टेकला आणि टिकला. दुखत होता, पण तिचा होता. बाराला वीस मिनिटं कमी असताना तिनं यंत्राला तार जोडली. चारशे दिवस एकेक करून उतरले. एकही कमी नाही.

मनोऱ्याच्या पायथ्याशी पत्र्याची पेटी होती, आत पाहणीची वही. शेऱ्याच्या रकान्यात आईचं तिरकं अक्षर. पहिल्या वर्षी: "मनोरा ठीक. ही सीट माणसासाठी नाही. परत गेल्यावर कापून घेणे." दुसऱ्या वर्षी: "सीट राहिलीच." मग पानामागून पान, दर वर्षी, "सीट राहिली." शेवटच्या खेपेला: "शेवटचे शंभर कि.मी. उभ्यानं. बुडाची वाट लागली."

ती हसत सुटली. चारशे किलोमीटरमध्ये कोणी नव्हतं, म्हणून मग मनसोक्त रडूनही घेतलं. डोळे पुसले, तारीख घातली आणि आईच्या ओळीखाली लिहिलं: "नोंदी पूर्ण. सीट कापली."