सावलबुड्या वर का आल्या?

नीलतारा ग्रहावरच्या तळ्यात शाल्मलीने आपल्या सावलबुड्या सोडल्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या संपल्या.

सावलबुडी म्हणजे नखाएवढा, काचेसारखा पारदर्शक जलचर. वरून सावली पडली की तो टुपकन चिखलात बुडायचा, म्हणून हे नाव. शेवाळ खाऊन सावलबुड्या तळं नितळ ठेवत, आणि वस्ती तेच पाणी पीत असे. रोग आला, तळ्यातल्या सगळ्या मेल्या, पाणी हिरवं पडलं. उरल्या त्या शाल्मलीच्या टाकीतल्या. रोग सरेपर्यंत वर्षभर तिने त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

आणि आज झेपपंख नावाचा शिकारी पक्षी तळ्यावर आला, त्याची सावली पडली, तर बुडायचं सोडून सगळ्या वर आल्या. त्याने आयत्या टिपल्या.

"आत्या, बुडायचं कशा विसरल्या गं त्या?"

वैजूआत्या वस्तीची जीवशास्त्रज्ञ. ती म्हणाली, "घरी टाकीत उरल्यात ना थोड्या? त्यांना खाऊ कसा घालतेस, दाखव बघू."

शाल्मलीने टाकीवर हात धरला. सावली पडताच सावलबुड्या वर झेपावल्या. तिने चिमूटभर पीठ सोडलं. याच क्षणासाठी ती रोज शाळेतून धावत यायची.

"म्हणजे मीच शिकवलं हे?"

आत्याने काही अंडी वेगळ्या भांड्यात ठेवली. पिल्लं निघाली, तेव्हा त्यांच्यावर पहिल्यांदाच हात धरला. तीही वर आली.

"यांना कोणी शिकवलं?" आत्याने विचारलं. "हा अनुवंश (आईबापांकडून पिल्लांत उतरणारे गुण). सुरुवातीला टाकीत बहुतेक बुडणाऱ्या होत्या, एखादीच धीट. बुडणारीला खाऊ मिळेना, ती उपाशी मेली. धीट जेवली, तिला पिल्लं झाली, तीही धीट. महिन्याभराचं आयुष्य यांचं, पिढ्या भराभर बदलल्या. तळ्यात असंच काम झेपपंख करतो, फक्त उलट: न बुडणारीला तो टिपतो. त्याला नैसर्गिक निवड म्हणतात (परिस्थितीला जुळणारे तगतात, त्यांचीच पिल्लं वाढतात). टाकीत निवड तुझ्या हाताने केली."

"पण मी तर माया केली."

"केलीसच. करायला गेलीस गणपती, झाला मारुती." आत्या हसली मात्र नाही.

शाल्मलीला रडू आवरेना. रडतारडताच, एखादी बुडणारी उरली आहे का ते पाहायला, तिने टाकीतला दगड उचलला. खाली शेवाळावर तगलेल्या काही हडकुळ्या सावलबुड्या होत्या. सावली पडताच त्या चिखलात गडप झाल्या.

त्यांना दोघींनी नव्या टाकीत वेगळं ठेवलं. आता खाऊ नळीतून, सावली न पाडता जायचा. नव्या पिल्लांवर शाल्मली हात धरी. वर येतील ती जुन्या टाकीत, बुडतील ती इथेच. महिने गेले. एके दिवशी हात धरला, तर कुणीच आलं नाही. तिला वाईट वाटलं.

त्यांना तळ्यात सोडलं, तेव्हा झेपपंख फेऱ्या मारून रिकाम्या चोचीने परतला.

"पुढच्या वर्षी तळाचे दगड दिसतील बघ," आत्या म्हणाली.

निरोप घेताना एकदा पाहावं म्हणून शाल्मली पाण्यावर वाकली. तिची सावली पडली, आणि एकही तिच्यासाठी थांबली नाही.

"शहाण्या गं माझ्या," ती डोळे पुसत म्हणाली.