निशाणी नारळ

तहसील कार्यालयाच्या पायऱ्या रंजीता उतरली, तेव्हा तिच्या हातात एक कागद होता आणि कपाळावर आठी. समोर कडुनिंबाखाली एक ऑटो उभा होता. टपावर दोन भोंगे, आत एक पाय बाहेर सोडून बसलेला तरुण.

"कोणती निशाणी भेटली, मॅडम?"

"नारळ."

तो हसला. मग गमछा तोंडावर धरून हसला. मग गमछाही हलायला लागला.

"हसता काऊन वो?"

"माफ करा... पण अख्ख्या कोसमघाटात एकच बाई माताईपुढं नारळ फोडत नाई, अन् सरकारनं नारळ दिला तो तिलेच!"

रंजीतालाही हसू आलं असतं. पण नुकत्याच भेटलेल्या माणसापुढे लगेच हसायचं नाही, एवढा व्यवहार तिला कळत होता. शिवाय गावातले बाकीचे दोन्ही भोंगेवाले विरोधी उमेदवार चंचलबाईंनी कालच ठरवून टाकले होते. उरलेला हाच.

"प्रचाराले येता का?" तिनं विचारलं.

"येतो ना. पण मी राजदीप. हिवाळाभर वडशाच्या नाटक कंपन्यांची जाहिरात करतो. माझ्या तोंडी गटारीचं काम बी तिसऱ्या अंकासारखं वाटते, मंग बोलायचं नाई."

अशी ती गाठ पडली.

कोसमघाट म्हणजे निम्मं धानाच्या बांध्यांत आणि निम्मं जंगलात बसलेलं गाव. नगरपंचायतीचं अध्यक्षपद यंदा बायकांसाठी राखीव, तेही थेट जनतेतून. आठवडी बाजारात उन्हात बसणाऱ्या बायांना रंजीतानं तीन वर्षं खेटे घालून शेड मिळवून दिलं होतं. त्याच बायांनी तिला उभं केलं. उमेदवार तोलायची गावाची रीत जुनी : जात किती घरांची, सोयरे किती वॉर्डांत, हात किती सैल. रंजीतासाठी त्यात एक वजन जास्तीचं पडलं. हिचा देव कोणता?

तिचं घर महानुभाव पंथाचं. एका श्रीकृष्णाचं नाव. दुसऱ्या दैवतापुढे हात जोडायचे नाहीत आणि तिथला प्रसादही घ्यायचा नाही. एरवी याचं कुणाला काही वाटत नसे. शेजारीपाजारी तिला प्रसाद देताना आपणच हात मागे घेत. पण गावाच्या शिवेवरच्या माताईला नारळ फोडल्याशिवाय इथं कुणी बोअर मारत नव्हतं, मग निवडणूक कशी लढवणार?

"तुम्ही कसं करता?" तिनं एकदा राजदीपला विचारलं.

"आम्ही बौद्ध. आम्हाले कोणी देवळात बोलावतच नाई, म्हणून आम्ही मोकळे. तुम्हाले बोलावतात, मॅडम. हेच तुमचं संकट हाय."

सकाळचं धुकं धानाच्या गंज्यांवरून उठायच्या आत ऑटो निघायचा. रंजीता पुढच्या गल्लीत घरोघरी, तो मागच्या गल्लीत माईकवर. ती कुणाच्या ओसरीत टेकली, की दोन गल्ल्यांपलीकडून त्याचा आवाज यायचा, "शिकलेल्या, कामाच्या, हाकेले ओ देणाऱ्या... आपल्या... रंजीताबाई!"

आधी तिला लाज वाटे. मग तो आवाज आला नाही की ती बोलता बोलता थबकायला लागली. बॅटरी उतरली असेल, ती स्वतःला समजवायची, आणि ओसरीतून मान लांबवून बघायची.

तिचे वडील श्रीहरीभाऊ मोजकं बोलायचे. एका सायंकाळी हातपाय धुता धुता म्हणाले, "हा पोरगा साऱ्या नाटकांची नावं एका दमात घेते. तुझ्याच नावाआधी थांबते काऊन?"

"दम लागत असन, बाबा."

"हं. बिमार दिसत तर नाई."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला तेच विचारलं. तो माईकची वायर गुंडाळत राहिला. वायर सरळ होती, तरी गुंडाळली.

"निकाल लागल्यावर सांगतो," तो म्हणाला. आणि त्याचे कान लाल झाले.

रविवारी तिची माणसं हट्टाला पेटली. माताईला चला, आत नका येऊ, नुसत्या दिसा! ती गेली. पारापाशी, बाहेरच उभी राहिली. माताईची झाडलोट करणाऱ्या गिरजाबाईंनी तिला पाहिलं. म्हाताऱ्या बाईला राजकारण कळत नव्हतं, कुणाचा पंथ कोणता हेही ठाऊक नव्हतं. पोर उन्हात उभी आहे एवढंच दिसलं. लगबगीनं बाहेर आल्या आणि त्यांनी रंजीताच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"खाय माय. निवडून येशीन."

चार मोबाईल वर झाले. रंजीताचा हात तसाच राहिला, ना मिटला, ना उलटा झाला. खाल्लं तर आपण आपले राहत नाही. नाही खाल्लं तर या म्हातारीचा चेहरा...

तेवढ्यात एक सावळा हात पुढे आला. राजदीपनं तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"माय, बाईचा गळा बसला हाय वो! डाक्टरनं खोबरं मना केलं. यांच्या वाटचं मीच खातो."

लोक हसले. मोबाईल खाली झाले. ऑटो माताईपासून दूर आला तशी रंजीतानं पुढच्या सीटवर थाप मारली.

"थांबवा."

ऑटो थांबला.

"माझ्या गळ्याले काई झालं नाई."

"ठाऊक हाय. मी तुम्हाले वाचवलं."

"वाचवलं नाई, लपवलं. मले लपायचं असतं तर मी घरीच बसली असती ना!" तिचा आवाज चिरकला, आता गळा खरंच बसेल असा. "अन् तुम्ही बी तर खात नाई ना देवीचं?"

"...नाई."

"मंग काऊन खाल्लं?"

तो हँडलवर अंगठा घासत राहिला.

"तुमच्या हातावरचं होतं," तो म्हणाला.

रंजीता मागच्या सीटवर बसून राहिली. रागावण्यासाठी तिनं जमवलेलं सगळं कुठं सांडलं, तिला सापडत नव्हतं.

पण लबाडी कधी फुकट जात नाही. सोमवारी पहाटेच दारात बाया. एकीनं अडुळशाचा पाला आणला, दुसरीनं जंगलातला मध. तिसरी हळददूध घेऊन उभी, आणि रंजीता ते संपवेपर्यंत हललीही नाही. भाजीवाली कमला म्हणाली, "बोलू नको. बिलकूल बोलू नको. इशाऱ्यानं सांग." उमेदवारानं दोन दिवस इशाऱ्यांनी प्रचार केला. आणि तिसऱ्या दिवशी गिरजाबाईंचा काढा आला. गावाच्या त्या टोकापासून म्हातारी चालत आली होती, पदराखाली काढ्याचा गडवा झाकून.

रंजीतानं तो काढा म्हातारीच्या नजरेसमोर कसाबसा संपवला.

प्रचाराचा शेवटचा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस. शेडखाली गर्दी होती. तिनं राजदीपसमोर हात पुढे केला.

"माईक द्या."

"मॅडम, मतदानाले दोनच दिवस राहिले. चंचलबाईचे लोक वाटच पाहून राह्यले. निदान मी बोलतो... जे प्रसाद खात नाई, ते बाई पैसे काय खाईन! लोक टाळ्या पिटतीन."

"डायलॉग नको. माझं मले बोलू द्या."

त्यानं माईक दिला. देताना बोटं लागली. दोघांनीही ती काढून घ्यायची घाई केली नाही.

"माझा गळा चांगला हाय," रंजीता म्हणाली. भोंग्यातून स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली, पण थांबली नाही. "मी माताईचा प्रसाद खात नाई. माझा धर्म तसा हाय. मले निवडून दिलं तरी खाणार नाई. पण गिरजामायचा काढा मी खोटं बोलून पेली, ते मात्र चुकलं. ज्यायले मत नाई द्यायचं त्यायनं नका देऊ. पण गळ्याची दवा आता आणू नका."

गर्दीतून वाट काढत गिरजाबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा लाल.

"मले काऊन नाई सांगितलं तवाच? येडी पोट्टी! देवीचं नाई चालत, तर मी घरून चहा आणली असती. माझ्या घरची चहा चालते ना?"

"चालते, माय."

"मंग चाल. अन् बाकीचे काय पाहून राह्यले? माताईचं नाव काय मतदार यादीत हाय? मत तर आपल्याले द्याचं हाय."

चहा घेता घेता राजदीप गिरजाबाईंच्या ओसरीच्या कडेला बसला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता भोंग्यावर खोटं नाई बोलणार. कधीच."

"आणि भोंग्याशिवाय?"

"भोंग्याशिवाय बोलाची सवय नाई मले," तो म्हणाला. "करतो."

मतमोजणीच्या दिवशी सभागृहाबाहेर सारं गाव गोळा झालं. आतला निकाल बाहेर सांगायला राजदीपचाच भोंगा लावला होता. रंजीता वडिलांशेजारी चिंचेखाली उभी होती. शिवेजवळच्या वॉर्डानं तिला मागे टाकलं. तिथं खोबऱ्याचा तुकडा मतांहून भारी निघाला, हे कुणी नाकारू नये. दुसऱ्या एका वॉर्डात ती जेमतेम पुढे. एक माणूस बाहेर येऊन कागद देई, राजदीप वाचे. सपाट आवाजात, एका दमात, कुणाचंही नाव असो. तिचंही तसंच घेई; आज तो कुणाचा नव्हता.

शेवटचा कागद आला. त्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. माईक तोंडाशी नेला.

"कोसमघाट नगरपंचायतीच्या अध्यक्षपदी... थोड्या मतांनी निवडून आल्या हायेत..."

आणि तो थांबला.

गर्दीला काही कळलं नाही. चंचलबाईंच्या माणसांनी फटाक्याची वात हातात धरली. पण रंजीतानं तोंडावर हात नेला, आणि श्रीहरीभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"तुझंच नाव हाय," ते हळूच म्हणाले. मग भोंग्याकडे बघून ओरडले, "घे ना गा बापू नाव! पोरगी किती वाट पाहीन?"

नाव आलं. गुलाल उडाला. बाजारच्या बायांनी तिला उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. गलका पांगत गेला तसा तो गर्दीतून तिच्यापर्यंत आला. गुलालानं माखलेला, हात रिकामे. माईक त्यानं ऑटोतच सोडला होता. वायरसुद्धा काढून ठेवली होती.

"निकाल लागला," ती म्हणाली. "आता सांगा. थांबत होते काऊन?"

"तुमचं नाव घेतलं का संपून जाते. मंग दुसऱ्या कोणाचं घ्या लागते." तो इतक्या हळू बोलत होता की तिला जवळ सरकावं लागलं. "दुसऱ्या कोणाचं घ्याचंच नाई मले... रंजीता."

या वेळी बाई नव्हतं, मॅडम नव्हतं, आणि भोंगाही नव्हता. तेवढं एक नाव फक्त तिलाच ऐकू गेलं.

श्रीहरीभाऊ चिंचेकडे तोंड करून उभे राहिले. चिंचेवर एवढं बघण्यासारखं काही नव्हतं. ते मात्र बराच वेळ बघत राहिले.