कोंबडीखालचा डबा

"लालसू, अंडी आण! सगळी! काका वळणावर आला!" ज्योत्स्नाने हाक दिली.

शेजारच्या लालसूने अंड्यांची टोपली उचलली, त्याच्या बहिणीने, सोमारीने कोपऱ्यातल्या काळ्या डब्यावर गवत पसरलं आणि ज्योत्स्नाने खुडूक कोंबडी बगलेत मारून आणली. वारलूकाका दारात पोचेपर्यंत कोंबडी डब्यावर अशी फुगून बसली होती, जणू घर तिच्याच नावावर होतं!

"हा डब्बा भंगारात देतो," काका म्हणाला. "उद्या अहेरीचा बाजार हाये."

"न्या नं, काका," तेरा वर्षांची ज्योत्स्ना साळसूदपणे म्हणाली. "पण कोंबडी अंड्यावर बसली हाये."

काकाने हात पुढे केला. कोंबडीने टोच मारली!

"मर तिकडं!" काका बोट चोखत मागे सरला. "पिल्लं निघाली का नेतो."

"एकवीस दिवस, काका!" लालसूने मोठ्या प्रेमाने सांगितलं.

काका गेला. तिघं हसली. पण तो डबा ज्योत्स्नाच्या थोरल्या भावाचा, प्रफुल्लदादाचा होता, आणि दादा आता नव्हता.

श्रावणात त्याला ताप चढला. नाल्याला पूर होता. चौघांनी त्याला दवाखान्यात न्यायला खाटेवर घालून पाण्यातून नेलं, पण पलीकडच्या काठाला खाट टेकली तेव्हा तो गेलेला होता. त्याचा फोनही पाण्यात गेला. मग गोंडांच्या रीतीप्रमाणे त्याच्या नावाचा दगड उभा राहिला आणि त्याच्या वस्तू तिथे नेऊन ठेवल्या. चपला, चादर, जेवायची थाळी आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटर नेला तो वारलूकाकाने. गावात सगळं त्यालाच कळतं ना!

दिवाळीच्या सुट्टीत ज्योत्स्ना आश्रमशाळेतून घरी आली, दगडापाशी गेली आणि बघतच राहिली. तिथे नुसता पडदा होता!

"चित्र त्याच्यात दिसते, मंग कॉम्प्युटर तोच," काकाने ठासून सांगितलं होतं. खरा कॉम्प्युटर, म्हणजे हा काळा डबा, धानाच्या पोत्यांमागे धूळ खात पडला होता. आणि आता भंगारात निघाला होता.

त्याच दिवशी माय, धुरपता, विळा घासता घासता म्हणाली होती, "डोळे मिटले का त्याचा चेहरा दिसते, पोरी. आवाज नाई येत. त्याचा आवाज इसरून राह्यली मी."

तेव्हा ज्योत्स्नाला आठवलं. दादा मायला माइकसमोर बसवून रेला, म्हणजे गोंडी नाचाची गाणी म्हणायला लावायचा. "माझ्या लॅबमध्ये ठेवतो सगळं," म्हणायचा. पोत्यांमागचा तो कोपरा म्हणजे त्याची लॅब!

कोंबडीच्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी काका-काकू बाजाराला गेले. तिघांनी कोंबडीला तिच्या टोपलीत बसवलं (तिने सगळ्यांचा उद्धार केला) आणि डबा कीबोर्ड-माउससकट काकाच्या घरी नेला.

"दगडापाशी पडदा हाये, आणू का?" लालसूने विचारलं.

"नाई! दादाले देल्लं ते दादाचं. काकाच्या टीव्हीले जोड!"

वायर बसली. पंखा घरघरला. पडदा उजळला! पण एकामागून एक सगळे फोल्डर उघडले, तरी आत काही नाही.

"रिकामं हाये तं त्याचं पोट काऊन भरलं?" सोमारीने विचारलं. वय दहा, पण नजर घारीची. डिस्क किती भरली ते दाखवणारी पट्टी लालभडक होती!

शोधता शोधता एकच भलीमोठी फाइल सापडली. नाव होतं 'माय'.

ज्योत्स्नाने पोत्यांमागे डब्यासोबत सापडलेली दादाची वही उघडली. "कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, लिनक्सचा. व्हर्च्युअल मशीन. माझं सगळं आतल्यात." शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "विंडोज नव्याने टाकलं. मशीन परत बांधायचं आहे. उद्या."

खाली तारीख होती. ताप चढला त्याच्या आदल्या दिवसाची.

"आपण बांधू," ज्योत्स्ना म्हणाली.

वहीतल्या पायऱ्या तिने एकेक करून गिरवल्या. नवं मशीन. प्रकार लिनक्स. मेमरी दोन जीबी. "आता नवी डिस्क!" म्हणत लालसूने माउस ओढला. तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि 'माय' फाइल निवडली. "वाच नं, येड्या! 'नवी बनवायची नाही, जुनी फाइल जोडायची!'"

सुरू केलं. लाल फुली! व्हर्च्युअलायझेशन बंद, म्हणजे आतला कॉम्प्युटर चालायची परवानगीच नाही!

"गेलं!" लालसू ओरडला.

"काय नाई गेलं. दादानं हेही लिवून ठेवलं हाये." कॉम्प्युटर बंद केला. चालू होताना एफ-दहा दाबलं, सेटिंग बदललं. पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळाल्या, पळाल्या, थांबल्या. पासवर्ड?

वहीत एवढंच होतं: "पहाटे माय मला जे म्हणते ते."

पहाटे ज्योत्स्ना नेहमी झोपलेली असे. "सोमारी, धाव! मायले आण!"

सोमारी शेताकडे सुटली. तेवढ्यात दारात काका!

"माह्या टीव्हीले काय करून राह्यले रे?"

"काका, दादा याच्यात हाये," ज्योत्स्ना म्हणाली. "तुम्ही दगडापाशी नुसता आरसा नेला."

काकाने तोंड उघडलं, पण मागून धुरपता आली. हातात विळा तसाच होता. ज्योत्स्नाने तिला सारं सांगितलं.

ते नाव तिने श्रावणापासून उच्चारलं नव्हतं. तिचे ओठ हलले, थांबले.

"पिट्टे," ती म्हणाली. पिट्टे म्हणजे गोंडीत पाखरू.

ज्योत्स्नाने डोळे पुसून ओल्याच बोटांनी टाइप केलं. दार उघडलं! आत गाण्यांची रांग होती, सगळी मायची. काकाने डोक्यावरचा दुपट्टा काढला.

"पोरांनो," तो हळूच म्हणाला, "अक्कल तुमच्यापाशी हाये. मी तं नुसता मोठा झालो." मग धुरपताकडे बघत म्हणाला, "वैनी, डब्बा आता दगडापाशी नेऊ? रीत हाये."

"पडदा त्याच्यापाशी राहू दे," धुरपता म्हणाली. "आवाज माह्यापाशी. झाली वाटणी." ती टीव्हीसमोर जमिनीवर बसली. "लाव, पोरी."

ज्योत्स्नाने पहिली फाइल लावली. आधी नुसती खरखर, कुठे तरी कोंबडा आरवला. मग प्रफुल्ल हसला, अगदी जवळ बसल्यासारखा.

"बोल नं, माय. ऐकू येते का तुले?"

धुरपताने विळा खाली ठेवला.

"येते, रे पिट्टे," ती म्हणाली. "येते."