जड नत्र

मंगळघराचे दार बंद होऊन एकशे एकाहत्तर दिवस झाले, त्या सकाळी हर्षदा तांडेलच्या हाती अखेर पुरावा लागला.

लडाखच्या थंड वाळवंटात उभारलेले हे मंगळघर म्हणजे मंगळावर जाणाऱ्या पहिल्या पथकाची रंगीत तालीम होती. सहा माणसांनी आठ महिने आत राहायचे, आतलेच पाणी गाळून प्यायचे, बाहेरची हवासुद्धा घ्यायची नाही. दार एकदा जरी उघडले तरी सारा प्रयोग रद्द. बाहेरच्यांशी बोलायचे तेही मंगळावरून बोलल्यासारखे: गेलेला संदेश वीस मिनिटे अडकवून ठेवला जाई आणि आलेले उत्तरही तितकाच वेळ.

हर्षदा आहार-रसायनशास्त्रज्ञ. मूळची सातपाटीची, कोळ्यांच्या घरातली. सहा जणांनी काय खायचे, किती खायचे, हे सारे तिनेच ठरवले होते. सहांपैकी पाच जण मांसाहारी. तीन अभियंते, पथकप्रमुख रणधीर घोरपडे आणि ती स्वतः. सहावी शिवलीला हलगे, उदगीरकडची, लिंगायत घरातली. मंगळघरातल्या रोपघराची सारी जबाबदारी तिच्यावर होती. तिच्या माहेरी अंडेसुद्धा कधी शिजले नव्हते.

निवडीच्या वेळीच तिच्या नावावर वाद झाला होता. मोहीम म्हणजे काही लग्नाची पंगत नव्हे, दोन-दोन तऱ्हेचे वाढप कोण करणार, असे घोरपड्यांनी समितीला विचारले होते. त्यावर शिवलीलाने लेखी कळवले, की माझ्या जेवणाचा त्रास कोणालाही होणार नाही. समितीला ते पत्र आवडले. हर्षदाला मात्र ते टोचले. पुण्यात शिकत असताना तिला तीनदा खोली बदलावी लागली होती. शेवटच्या घरमालकिणीने तर आईने पाठवलेले सुके बोंबील पिशवीसकट कचऱ्यात टाकून वर हात धुतले होते. तेव्हापासून तिची खात्रीच झाली होती, की या लोकांचे सोवळे दाखवण्यापुरते असते आणि आड गेले की सगळे सारखेच.

पहिला महिना मात्र बरा गेला. शिवलीलाने घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना वाटली. एकाच टेबलावर जेवणे होत, आणि घोरपडे तिची थट्टा करीत तेव्हा तीही हसे. दुसरा महिना अर्धा झाला आणि ती अचानक ताट घेऊन रोपघरात जाऊन जेवू लागली. रोपांवर कीड दिसते, लक्ष ठेवावे लागते, असे तिने सांगितले. आपला वास सोसत नसेल बाईंना, असे म्हणून घोरपडे आधी हसले. पुढे हसेनासे झाले. कोंबडीचा रस्सा गरम होत असताना ती शेगडीजवळ डोळे मिटून, खोल श्वास घेत उभी असलेली एका अभियंत्याने दोनदा पाहिली. ताट मात्र रोज चाटून पुसल्यासारखे परत येई. भरीस भर म्हणजे पाचव्या महिन्यात इतर पाचांची गालफडे बसली असताना तिचा चेहरा गोल, भरलेला दिसू लागला. पालक खाऊन कोणी असे भरते का, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. टेबलावर ती नसली की तो सगळ्यांच्या नजरेत असे.

आणि आता हर्षदापुढे केसांचा आलेख होता. प्रयोगाचा भाग म्हणून प्रत्येकाने आपले चार-सहा केस दिले होते. तिने ते सेंटीमीटरभर लांबीचे तुकडे करून वस्तुमानमापी यंत्रातून काढले होते. तिने घोरपड्यांना बोलावून घेतले.

त्यांनी आलेख उलटसुलट पाहिला आणि यातून काय समजायचे ते विचारले.

"नत्र दोन प्रकारचं असतं, सर. एक हलकं, एक जरा जड. शरीर हलकं नत्र लघवीवाटे सहज टाकून देतं, जड मागे राहतं. गवतापेक्षा बकऱ्याच्या अंगात जड नत्र जास्त, आणि बकरं खाणाऱ्या माणसात त्याहून जास्त. कोण कोणाला खातं, त्याची पायरी त्यातून कळते."

"आणि हे केसांत उतरतं?"

"केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. टोकाकडे जुने महिने, मुळाकडे ताजे. शाकाहारी माणसाचा अंक सातच्या आसपास असतो, आपला नऊच्या. शिवलीलाचा टोकाकडे सात आहे. मुळाकडे साडेनऊ."

यात चूक होण्याचा संभव किती, असे घोरपड्यांनी विचारले. हर्षदाने चाचणी तीनदा केली होती. माणूस खोटे बोलेल, केस कसा बोलेल, असे ती म्हणाली.

नियमाप्रमाणे तिने सगळे आकडे पुण्याला डॉ. मुकुंद दामल्यांकडे पाठवले. केसांवरून आहार ओळखण्याचे हे शास्त्र तिला त्यांनीच शिकवले होते. ते व्याख्यानात आहेत, दुपारी उत्तर देतील, असा निरोप आला. थांबायला काही हरकत नव्हती. पण घोरपड्यांना प्रकरण जेवणाच्या वेळीच मिटवायचे होते, आणि हर्षदाने त्यांना अडवले नाही. आतून तिला एक प्रकारचा हुरूप आला होता. तो कशाचा, हे तिने स्वतःला विचारले नाही.

दुपारी घोरपड्यांनी शिवलीलाला ताट घेऊन जाऊ दिले नाही, समोर बसवले. हर्षदाने आलेख टेबलावर ठेवून जमेल तितक्या शांतपणे समजावून सांगितले. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, मनात आले तर उघड खावे, कोणी नाही म्हणणार नाही, पण आहाराची नोंद खोटी दिली तर आठ महिन्यांचे सगळे काम वाया जाते, असे ती म्हणाली. तिघे अभियंते ताटात बघत होते.

शिवलीलाने आलेख जवळ ओढला. ती स्वतः जीवशास्त्राची. चढत गेलेल्या रेषेवरून तिने सावकाश बोट फिरवले.

"हे नक्की माझेच केस आहेत ना, ताई?"

"तुझेच."

"मी मांस खाल्लेलं नाही," ती म्हणाली. रडली नाही, चिडली नाही, शपथ घेतली नाही. टेबलाला धरून उठली आणि रोपघराकडे गेली. ताट तसेच राहिले. या निगरगट्टपणाला काय म्हणावे, असे घोरपडे पुटपुटले आणि त्या क्षणी हर्षदाला त्यांचे म्हणणे पटले.

दामल्यांचा संदेश त्यानंतर तासाभराने आला. हर्षदाने तो एकटीने ऐकला.

"हर्षदा, नत्राचे आकडे अचूक आहेत, पण तू फक्त नत्र पाहिलंस. त्याच पानावर खाली कार्बन आहे, तोही बघ. तुमच्याकडची कोंबडी मक्यावर वाढलेली आहे. मक्यातला कार्बन जड असतो, म्हणून ती खाणाऱ्या पाचही जणांच्या केसांत कार्बनचा अंक चढलेला आहे. सहाव्या व्यक्तीचा चढलेला नाही, उलट उतरलाय. चरबीतला कार्बन हलका असतो. नत्र चढतंय आणि कार्बन उतरतोय, या दोन गोष्टी एकत्र मी फक्त दुष्काळातल्या माणसांच्या केसांत पाहिल्या आहेत. या व्यक्तीच्या अंगात रोज मांस वापरलं जातंय, हा तुझा निष्कर्ष बरोबरच आहे. फक्त ते कोंबडीचं नाही. ते तिचं स्वतःचं आहे. तिचा चेहरा सुजलाय का? पाय दाबून बघ. आणि उशीर करू नकोस."

हर्षदा धावतच रोपघरात गेली. शिवलीला पालकाच्या दोन वाफ्यांच्या मध्ये भिंतीला टेकून बसली होती. हर्षदाने काही न बोलता तिचा लोकरी मोजा खाली ओढला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर मळलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा तिथे राहिला, भरून येईना. ज्याला सगळे बाळसे समजत होते ते पाणी होते. प्रथिने मिळेनाशी झाली की असे पाणी धरते, हे हर्षदा इतरांना वर्षानुवर्षे शिकवत आली होती.

"केव्हापासून जेवत नाहीयेस?"

"जेवते. भात खाते, थोडा. पाला खाते."

"आणि वरण, उसळ? रोजची पाकिटं फोडल्याची नोंद आहे."

"खतात घालते."

मग तिने थांबत थांबत सांगितले. दुसऱ्या महिन्यात तिला वरणाची चव निराळी लागली. रोपांवरचे रोग ओळखायला तिच्याकडे जनुकवाचक होता; त्यात तिने वरणाचा थेंब घालून पाहिला. यंत्राने कोंबडी दाखवली. मग उसळ तपासली, खिचडी तपासली. सगळ्यांत तेच. पाकिटे बनवणाऱ्या कंपनीने चवीसाठी कोंबडीच्या अर्काची पूड घातली होती. दूध-दही मंगळघरात नव्हतेच. उरला साधा भात आणि तिने स्वतः पिकवलेला पाला.

हर्षदाने विचारले, त्याच दिवशी का सांगितले नाही.

"सांगून काय झालं असतं, ताई? दुसरं अन्न आणायला दार उघडावं लागलं असतं. प्रयोग गेला असता. आणि सगळे म्हणाले असते, तरी सांगत होतो शाकाहारी माणूस नको. पुन्हा आमच्यातल्या कोणालाच घेतलं नसतं. वाटलं, आठ महिने निघतील."

"मला एकटीला तरी सांगायचंस."

शिवलीलाने मान फिरवली. "पाकिटावर सही तुमची होती. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार. मुद्दाम केलं असेल, गंमत म्हणून. म्हणून मग तुमच्यासमोर जेवायलाच नको वाटायचं."

हर्षदाने मुद्दाम काहीच केले नव्हते. कोंबडीच्या पाकिटांची तिने सतरा प्रकारे तपासणी केली होती. वरणाच्या पाकिटांत फक्त जंतू आणि मीठ पाहिले होते. वरणात काय असणार, वरणच असणार, असे समजून तिने सही केली होती. तेवढे तिने सांगितले. शिवलीलाने ऐकून घेतले. विश्वास बसला की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

हर्षदा घोरपड्यांकडे गेली आणि दार उघडा म्हणाली. तिने दामल्यांचा संदेश त्यांना ऐकवला, वरणाचे सांगितले, सहीचेही सांगितले. घोरपडे हादरले, पण दाराचे नाव काढताच ताठ झाले. सत्तर दिवस उरले होते. आपल्या वाटचा भात तिला देऊ, खजूर आहेत, बाहेरच्या डॉक्टरांना विचारून औषध देऊ, असे ते म्हणत राहिले. हर्षदाने सांगितले, की इतक्या उपासानंतर एकदम खाऊ घातले तर हृदयच बंद पडू शकते, हे काम रुग्णालयाचे आहे. शिवलीलाही मागून भिंत धरत येऊन उभी राहिली होती. दार उघडू नका, मी काढते सत्तर दिवस, असे तिनेही म्हटले. एवढे बोलायलाही तिला दोनदा थांबावे लागले.

घोरपड्यांनी तिच्याकडे पाहिले. गेल्या चार महिन्यांत त्यांनी तिच्याकडे संशयाखेरीज पाहिले नव्हते. मग ते हर्षदाकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "आतापर्यंत किती मांस खाल्लं असेल तिने?"

प्रश्न त्यांना सकाळपासूनच विचारायचा होता. आता त्याचा अर्थ निराळा झाला होता, एवढेच.

हर्षदाने मनात हिशेब केला. नत्राची चढण, महिने, शिवलीलाची आत येतानाची अंगकाठी.

"सात किलो," ती म्हणाली. "फार तर आठ."

घोरपड्यांनी दाराची मोहोर तोडली आणि दांडा स्वतःच्या हाताने ओढला.