चपट्या माशाचे डोळे

ती बसस्टॉपकडे निघाली होती, पण छापखान्याच्या खिडकीपाशी तिची पावलं थबकली. आत दोरीवर माशांची ओली चित्रं वाळत होती आणि त्यातल्या एका चपट्या माशाचे डोळे... चक्क चुकीच्या बाजूला. मत्स्य संशोधन केंद्रात नोकरी करणाऱ्या मुलीला हे बघवणार कसं? ती सरळ आत शिरली.

लाकडी ठसे कोरणारा तरुण ऐकून हसला. ठशावरचं कागदावर उलटं उमटतं, हे त्याला ठाऊक होतं. अक्षरं तो उलटीच कोरायचा. पण मासा इकडे बघो की तिकडे, मासा तो मासाच, असं त्याला वाटे. तिने समजावलं, बाकीच्यांचं चालेल. पण हा कुशीवर पडून जगतो, याचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला येतात. उजवीकडे दाखवले की तो निराळाच मासा होतो.

"नशीबवान आहे," तो म्हणाला. "याच्याकडे कुणीतरी इतकं निरखून बघतं..."

ती उगाचच लाजली.

केंद्राला माशांचा तक्ता छापायचा होताच. काम त्याला मिळालं आणि ती रोज संध्याकाळी येऊ लागली. बाकीचे मासे भराभर उरकले, अडला तो हाच. त्याचं नाव ठरेना. एका बंदरात त्याला 'आळशी' म्हणत, दुसऱ्यात 'चादर' आणि तिसऱ्यात 'सासूबाई', कारण दोन्ही डोळे एकाच बाजूला, लेकाच्या. या नावावर दोघं पोट धरून हसले. पण एकच नाव छापलं तर बाकीची बंदरं रुसणार, असं ती रोज म्हणायची आणि निर्णय उद्यावर ढकलायची.

तक्ता झाला की तिची दूरच्या किनाऱ्यावर बदली होणार होती. हे दोघांनाही माहीत होतं, आणि बोलत मात्र कुणीच नव्हतं. शेवटी साहेबांनी बजावलं, तक्ता उद्या हवाच.

त्या संध्याकाळी त्याने नवा छाप पुढे केला. डोळे पुन्हा उजवीकडे. हे तिसऱ्यांदा! कुठेतरी पाणी मुरत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"अक्षरं बरोबर येतात. मासाच तेवढा चुकतो?"

त्याने मान खाली घातली. "बरोबर छापला असता, तर तुमचं इथलं काम संपलं असतं."

तिला रागवायचं होतं, पण राग काही येईना. किती दिवस दोघं एकाच भीतीने वेळ काढत होते... "नाव कधीच ठरलंय," ती हळूच म्हणाली. "सगळीच छापायची."

मग तो कोरायला बसला आणि ती शेजारी. या वेळी डोळे जिथल्या तिथे आले. आता लांबवायला काहीच उरलं नव्हतं.

"बदली झाल्यावर... सुट्टीच्या दिवशी याल?"

"काम नसताना? घरी काय सांगू?"

"लग्नाचं बोलायला जातेय म्हणून सांगा."

तिने ओला छाप उचलून दोरीवर वाळत घातला. मग म्हणाली, "ते बोलायला तुम्ही यायचं असतं. रविवारी या. आई घरी असते."