एका जुडग्यातल्या वायरी

खरं तर त्या पहिल्या दिवशी विजेच्या उपकरणांच्या चाचणीच्या खोलीत तिची कामाची पाळी नव्हतीच. सहकारी तापाने आडवा झाला, म्हणून ती आली — आणि दारात हा उभा! कडेवर मूल घ्यावं तशी पेटी सांभाळत. नवजात बाळांना ऊब देणारी पेटी, त्याने स्वतः घडवलेली.

तेव्हापासून पेटी दोनदा नापास झाली. आतला सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, हीटर चालू-बंद करायचा आणि दर वेळी विजेच्या तारेत इतका गोंगाट सोडायचा, की शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र असेल तर त्याची रेघच वेडीवाकडी व्हावी. आज तिसरी खेप. आज नापास, तर त्याची कंपनी हे काम कायमचं गुंडाळणार होती.

"या वेळी फिल्टर बसवलाय," तो म्हणाला. "चांगला दणकट."

"बघू की. उघडा."

झाकण निघालं आणि तिला हसूच फुटलं. काय ती टापटीप! रिलेकडून फिल्टरमध्ये जाणाऱ्या आणि फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या वायरी प्लास्टिकच्या टायने एकाच जुडग्यात आवळून बांधलेल्या. फिल्टर गोंगाट अडवणार आणि तो शेजारच्या वायरीत खुशाल उडी मारणार! नीटनेटक्या माणसाच्याच हातून व्हावी अशी चूक.

सांगावं का याला? पेटी पास झाली, की हा पुन्हा कशाला येतोय इकडे? पण छे! तिने सरळ कात्री पुढे केली.

"कापा ते टाय."

"अहो, दोन तास लागले मला बांधायला!"

"दिसतंय ते. कापा. आत जाणाऱ्या वायरी या टोकाला, बाहेर पडणाऱ्या त्या टोकाला."

पुढची वीस मिनिटं दोघं पडद्याला डोळे लावून बसली. गोंगाटाचा आलेख मर्यादेच्या खाली राहिला... अगदी शेवटपर्यंत. आनंदाच्या भरात त्याने तिचा हातच धरला — आणि सोडायचं विसरला.

"मघाशी वाटलं होतं, सांगूच नये," ती म्हणाली. "नापास झालात तर पुन्हा याल."

"मग... का सांगितलंत?"

"आवडता तुम्ही मला. तुमचं नुकसान करून कशाला अडवू? आणि काम नसलं तरी याल, याची खात्री होती."

तो कानापर्यंत लाल झाला. "मला तर... पहिल्याच दिवशी... पण उद्या यावं म्हटलं तर इथे सुट्टी ना?"

"हो. म्हणून तर मोकळी आहे मी. पाच वाजता इथेच फाटकाशी ये, आणि उशीर केलास तर बघ!"